विमान चौकात टांगू नका, कोडं घाला

तर मंडळी, या वीकेंडला जरा भांडायचा मूड आहे. विषय आहे निवृत्त लढाऊ विमानं. उडणाऱ्या विमानांवर भांडायला टीव्हीवर रोज रात्री आठ-दहा माणसं बसलेली असतात, तिकडे माझी गरज नाही. मला बोलायचंय ते उडणं थांबलेल्या विमानांबद्दल, आणि नंतर आपण त्यांचं जे काही करतो त्याबद्दल.

निष्कर्ष आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना चहा करायला उठायचंय ते उठू शकतील. चौकात सिमेंटच्या चौथऱ्यावर विमान चढवणं बंद करा. विमान जमिनीवर, त्याच्या स्वतःच्या चाकांवर उभं करा, आणि बघायला येणाऱ्याच्या हातात कोड्यांचा एक कागद द्या. ट्रेझर हंट. हो, तोच, जो पोरं वाढदिवसाला खेळतात.

हसू आलं ना? ठीक आहे, आता वाचा.

हा विषय आत्ताच का, तर २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडमध्ये मिग-२१ निवृत्त झालं. १९६३ साली हवाई दलात आलेलं विमान, बासष्ट वर्षं नोकरी करून गेलं. त्यातली कित्येक तर आपल्या ओझरला, नाशिकजवळ एचएएलच्या कारखान्यात बनलेली. आता ही विमानं मोकळी झाली म्हटल्यावर पुढे काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको. ठिकठिकाणचे पुढारी पत्रं लिहिणार, 'आमच्या शहरालाही एक द्या'. विमान येणार, क्रेन येणार, फीत कापली जाणार. आणि त्यानंतर त्या विमानाकडे कुणीही नीट बघणार नाही, कायमचं.

माझ्या गोंदियातूनही कधीतरी अशी मागणी होईल असं मी धरूनच चाललोय. आणि गोंदियाचा हक्क इतर बऱ्याच गावांपेक्षा मोठा आहे. पुण्यातल्या माझ्या मित्रांना गोंदिया म्हटलं की 'महाराष्ट्र एक्सप्रेसचं शेवटचं स्टेशन' एवढंच आठवतं. फार तर राइस मिल, नवेगावबांध आणि सारस. पण शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर बिरसी आहे. तिथली धावपट्टी इंग्रजांनी १९४० साली, दुसऱ्या महायुद्धात बांधली. धानाच्या बांध्यांमध्ये, आजूबाजूला तलाव आणि बोड्या, आणि मध्येच युद्धासाठी बांधलेली पट्टी. पुढे ती सार्वजनिक बांधकाम खात्याकडे गेली, मग एमआयडीसीकडे, मग विमानतळ प्राधिकरणाकडे. आता तिथे वैमानिक घडवणारी संस्था आहे. तिची छोटी डायमंड विमानं आकाशात घिरट्या घालत असतात. देशभरातून पोरंपोरी तिथे लाखो रुपये फी भरून शिकायला येतात.

आणि आसपासच्या गावांतली पोरं? ती कुंपणाबाहेरून बघतात. माझ्या पोटात दुखतं ते इथे. ज्या पोराच्या डोक्यावरून विमान जातं, त्याला ते वर कसं राहतं हे कुणी कधी विचारलेलं नाही. सांगितलेलं नाही असं मी म्हणत नाहीये, विचारलेलं नाही असं म्हणतोय. फरक आहे. विमान ही आपण बघायची आणि दुसऱ्यांनी चालवायची गोष्ट, हे त्या पोराच्या डोक्यात पक्कं बसतं. अशा गावात आपण आणखी एक विमान आणून चौथऱ्यावर ठेवलं तर नेमकं काय शिकवतो? की बघ, हेसुद्धा तुझ्या हाताला लागणार नाही.

चौथऱ्यावरच्या विमानाचा प्रॉब्लेम काय ते जरा इंजिनियरच्या भाषेत सांगतो. चौकातलं विमान म्हणजे कंपाइल झालेली फाइल. चालत नाही, उघडत नाही, आत काय आहे कळत नाही. नाक वर केलेलं, पोट पंधरा फुटांवर, भोवती हिरवळ आणि 'आत जाऊ नये'. विमानाची खरी माहिती असते ती चाकांच्या खोबणीत, हवा आत जाते त्या तोंडाशी, शेपटीच्या मुळाशी. नेमक्या याच जागा खालून दिसत नाहीत. खाली पाटीवर काय असतं? विमानाचं नाव, वेग, वजन आणि 'शौर्याचं प्रतीक'. आणि उद्घाटन करणाऱ्याचं नाव, विमानाच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात.

याउलट जमिनीवर उभं असलेलं जुनं विमान म्हणजे उघडा लेगसी कोड. त्याच्यावरचा एकही फुगवटा उगाच नसतो. प्रत्येक खाच, प्रत्येक जास्तीचं चाक हे कुणातरी इंजिनियरने रात्री जागून एखाद्या अडचणीवर काढलेलं उत्तर असतं. आपल्यापैकी ज्यांनी पंधरा वर्षं जुनं कोणाचं तरी सॉफ्टवेअर सांभाळलंय त्यांना हा आनंद माहितीय: आधी 'हे असं का केलंय या गाढवाने?' आणि दोन तासांनी 'अरेच्चा, शहाणा होता की!' विमानासमोर हाच प्रवास घडवायचा तर पाटी चालत नाही. पाटी थेट उत्तर देते. आणि प्रश्न पडायच्या आधी मिळालेलं उत्तर कुणाच्याही लक्षात राहत नाही.

म्हणून कोडं.

आता तुमच्यातले काहीजण म्हणतील, 'ट्रेझर हंट आम्ही केलाय की, ऑफिसच्या औटिंगला.' मीही केलाय. आणि तोही विमानांमध्येच! गोव्याला दाबोळी विमानतळाजवळ, बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचं विमान संग्रहालय आहे, १९९८ पासून. आमच्या एका औटिंगमध्ये इव्हेंटवाल्यांनी तिथे ट्रेझर हंट ठेवला होता. टी-शर्ट एकसारखे, टीमची नावं 'रॉकर्स' आणि 'वॉरियर्स', आणि कामं काय? 'सर्वात मोठ्या विमानासमोर सगळ्या टीमने उडी मारतानाचा फोटो: २० गुण.' 'कॅप टाकून सॅल्यूट: १० गुण.' 'अनोळखी माणसाकडून जय हिंद म्हणवून घ्या: ५० गुण.' पाऊण तासात खेळ खलास, बस बीचकडे. चाळीस इंजिनियर, त्यातले निम्मे मेकॅनिकलमधून आयटीत आलेले, आणि एकानेही एकाही विमानाकडे दोन मिनिटं सलग बघितलं नाही. तीच माणसं, तीच विमानं मॉलमधल्या पुठ्ठ्याची असती तरी काही फरक पडला नसता.

हा ट्रेझर हंट नव्हे. ज्या कोड्याचं उत्तर त्या जागेशिवाय इतर कुठेही मिळू शकतं ते कोडं त्या जागेचं नाही, हा माझा पहिला नियम. दुसरा नियम, उत्तर यंत्रावर असलं पाहिजे, पाटीवर नाही. तिसरा, हात लावायची, चढायची, पळायची गरज पडता कामा नये. फक्त डोळे आणि वाद घालायला एक जोडीदार.

जमतं का हे? जमतं. पुढच्या गोवा ट्रिपला मी चार मित्रांसाठी त्याच आवारात एक हंट बनवला. नमुन्यादाखल चार कोडी देतो. तुम्ही तिकडे गेलात की करून बघा. (उत्तरं लगेच खाली आहेत, ज्यांना नकोत त्यांनी पुढचे चार परिच्छेद झाकून ठेवा.)

एक. 'सी हॉक, अलिझे आणि सी हॅरियर, तिघंही एकाच जहाजावर राहिलेत. दोघांच्या शेपटीखाली आकडा आहे, तिसऱ्याला नाही. त्याचं कसं भागायचं?' आकडा कशाला, तर जहाजाच्या डेकवर आडव्या ताणलेल्या तारेत अडकवायला. डेक इतका छोटा की नुसत्या ब्रेकने विमान थांबणं शक्य नाही. सी हॅरियरला आकडा नाही, कारण त्याच्या अंगाला दोन्ही बाजूंनी मिळून चार नळ्या आहेत, आणि त्या फिरतात. खाली वळवल्या की विमान हवेत जागेवर उभं राहतं आणि सरळ खाली उतरतं. ज्याला धावत यायचंच नाही त्याला अडवायचं कशाला?

दोन. 'जहाजाची लिफ्ट लहान. कोण काय दुमडतं?' सी हॉक आणि अलिझे पंख दुमडतात, हे बिजागऱ्या बघून कळतं. सी हॅरियरच्या पंखाला बिजागरी सापडत नाही. आमचा एक मित्र वीस मिनिटं पंखाखाली उभा होता. शेवटी मागे सरकला आणि समोर गेला. तो दुमडतो ते नाक! रडारसकट नाकाचं टोक बाजूला वळतं.

तीन. 'सी हॉक जेट आहे, इंजिन एकच. मग शेपटीच्या टोकाला भोक का नाही? जाळ जातो कुठून?' पंखांच्या मुळामागे बघा. इंजिनाचा झोत मध्येच दुभंगून दोन्ही कुशींतून बाहेर पडतो. त्यामुळे मागचं धड मोकळं राहिलं, आणि तिथे इंधनाची टाकी बसली. जहाजापासून लांब जाऊन परत यायचं तर एकेक लिटर मोलाचा.

चार. 'त्या मोठ्या सुपर कॉन्स्टेलेशनला तीन शेपट्या का? एक मोठी लावली असती तर?' हे विमान आधी एअर इंडियाचं, मग हवाई दलाचं, मग नौदलाचं. एकच उंच शेपटी लावली असती तर ते त्या काळच्या हँगरच्या दारातून आत गेलं नसतं. म्हणून तेवढंच क्षेत्रफळ तीन बुटक्या शेपट्यांमध्ये वाटून टाकलं. लोड बॅलन्सिंग म्हणतात ना, ते :-)

आणि मग शेवटचं कोडं, सगळ्यांना जोडणारं. 'हॅरियरच्या नळ्या मोजा, तो दिवस. कॉन्स्टेलेशनच्या शेपट्या मोजा, तो महिना. ज्या जमिनीवर उभे आहात ती मुक्त झाली ते वर्ष. त्या दिवशी जन्मलेलं घर शोधा, जिथे पहिल्या कोड्यातले तिघंही राहिले. खजिना तिथेच आहे.'

चार, तीन, १९६१. ४ मार्च १९६१ ला बेलफास्टमध्ये आयएनएस विक्रांत नौदलात दाखल झाली. १९७१ च्या डिसेंबरमध्ये याच जहाजावरून उडालेल्या सी हॉकनी आणि अलिझेंनी चितगाव आणि कॉक्स बाजारवर हल्ले केले. माझ्या मित्रांना उत्तर आलं, आनंदाने एकमेकांना टाळ्या दिल्या, आणि मग एकाने विचारलं, 'बरं, मग ती आहे कुठे? जाऊ तिथे.'

कुठे जाणार? ती विक्रांत आता नाहीये. (आत्ता आहे ती २०२२ मध्ये दाखल झालेली नवी विक्रांत.) १९९७ ला निवृत्त झाली, २००१ पासून मुंबईत संग्रहालय म्हणून लोकांना बघता यायची, २०१२ ला सुरक्षेच्या कारणाने बंद झाली. २०१४ ला साधारण ६० कोटींना लिलावात गेली आणि भंगारात तोडली गेली. त्यातलं थोडं पोलाद एका मोटरसायकलच्या पेट्रोलच्या टाकीत उतरलं, त्याची जाहिरातही झाली. तिच्यासाठी कोर्टात गेलेले लोक होते, हे मान्य. पण मुंबईसारख्या शहराने, कोट्यवधी लोकांनी, रस्त्यावर यावं इतकं ते जहाज कुणाचं झालंच नव्हतं. लोक एकदा गेले, फोटो काढला, घरी आले. दुसऱ्यांदा जायला काही कारणच नव्हतं. जी वस्तू आपल्याला कधी अडवत नाही, विचारात पाडत नाही, ती गेल्याचं दुःख तरी कसं होणार? माझा सगळा राग या एका मुद्द्यावर आहे. जतन पैशाने होतं हे अर्धसत्य आहे. पैसा उभा करायला आधी 'हे आपलं आहे' असं म्हणणारी माणसं लागतात, आणि ती माणसं हिरवळीवरच्या पाटीतून तयार होत नाहीत.

असो. आता विरोधी पक्षाकडे वळू.

पहिला आक्षेप, नेहमीचा: 'लढाऊ विमानांमध्ये खेळ? हा शहिदांचा अपमान आहे.' मला तर उलट वाटतं. मिग-२१ चंच घ्या. २०१२ साली तेव्हाचे संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी राज्यसभेत आकडा दिला होता: विकत घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी (यात मिगचे सगळे प्रकार आले) ४८२ अपघातांत गेली, १७१ वैमानिक मेले. 'शौर्याचं प्रतीक' असं लिहिलेली पाटी या १७१ जणांबद्दल काही बोलते का? एक अक्षर नाही. पण मी मिगसमोर उभ्या पोराला विचारलं, 'पंख किती छोटे आणि किती मागे झुकलेत बघ. असं विमान हळू उडायला लागलं की काय होईल? आणि उतरताना तर हळू व्हावंच लागतं,' तर ते पोर पाच मिनिटांत स्वतःच येतं त्या धोक्याच्या जागी. मिग-२१ फार वेगात उतरायचं, म्हणून शेपटीच्या मुळाशी ब्रेकची छत्री ठेवायला जागा आहे, तीही त्याला सापडते. मग त्याला कळतं की एकवीस-बावीस वर्षांचा वैमानिक रोज नेमकं काय करत होता. हा अपमान आहे? अपमान म्हणजे त्याच विमानासमोर ओठांचा चंबू करून काढलेला सेल्फी. त्याला कुणी हरकत घेत नाही.

दुसरा आक्षेप गोंदियातलाच. ओळखीच्या एका काकांशी दिवाळीत बोलत होतो. ते म्हणाले, 'अरे बाबू, विमान पाहाले लोकं येतीन, कोडे सोडवाले कोन येते?' मी म्हटलं, 'काका, तुम्ही पेपर आला की आधी काय उघडता?' काका हसले. गेली तीस वर्षं ते शब्दकोडं सोडवल्याशिवाय आंघोळीला जात नाहीत. माणसाला कोडं आवडतं हो. आपणच ठरवून टाकलंय की छोट्या गावातल्या माणसाला फक्त बघायला आवडतं.

तिसरा आक्षेप: 'देखभाल कोण करणार?' चौथऱ्यावरच्या विमानाची कोण करतं? कुणी नाही. २६ जानेवारीच्या आधी रंगाचा एक हात, बस. जमिनीवरचं विमान निदान पुसता येतं.

चौथा, आणि हा खरंच दमदार: 'कोडी एकदा फुटली की संपली. दुसऱ्या दिवशी उत्तरं व्हॉट्सअपवर.' बरोबर. याचं उत्तर अमेरिकेत एमआयटीवाल्यांनी शोधून ठेवलंय. त्यांच्याकडे १९८१ पासून दर जानेवारीत कोड्यांचा मोठा हंट होतो. जिंकणाऱ्या टीमला मिळतं काय? पुढच्या वर्षीचा हंट बनवायचं काम! म्हणजे बक्षीस हीच शिक्षा. पण या एका नियमामुळे तो इतकी वर्षं चाललाय. दर वर्षी नवे लोक, नवी कोडी, यंत्र तेच.

आता हे गोंदियात बसवून बघा. विमान आलं तर ते शहराच्या चौकात नको, एखाद्या शाळेच्या किंवा आयटीआयच्या आवारात असू दे. वर पत्र्याची शेड, भोवती कमरेएवढं रेलिंग. पंधरा कोडी, मराठीत आणि हिंदीत, कारण आमच्याकडे दोन्ही चालतं. नाकातला तो शंकू कशासाठी? (ध्वनीपेक्षा जास्त वेगाने येणाऱ्या हवेला इंजिनात शिरायच्या आधी वेसण घालायला, आणि रडार ठेवायलाही.) पाठीवरचा कणा किती जाड आहे, त्यावरून हे आधीचं मिग की नंतरचं? (सुरुवातीची सडपातळ, नंतरच्यांच्या पाठीत इंधन आणि इलेक्ट्रॉनिक्स कोंबत गेले. व्हर्जन हिस्टरी, डोळ्यांनी दिसणारी.) ज्या शाळेची टीम जिंकेल तिने पुढच्या वर्षीची कोडी करायची. तपासायला जिल्ह्यातले हवाई दलातून निवृत्त झालेले लोक बोलवा, ते अर्ध्या रात्री उठून येतील.

आणि विमान नाहीच मिळालं तर? तरीही बिरसी आहेच. धावपट्टीवर जाता येणार नाही, सुरक्षेचा प्रश्न आहे, ते योग्यच. पण कोडं कुंपणाबाहेरूनही घालता येतं. जपान युद्धात उतरला डिसेंबर १९४१ ला. मग १९४० मध्येच, कुठल्याही समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, या धानाच्या शेतात पट्टी का घातली? नकाशा घ्या, हावडा-मुंबई रेल्वेलाइन बघा, गोंदिया जंक्शनवरून कुठे कुठे फाटे फुटतात ते बघा, आणि वाद घाला. आणखी एक: १९४९ साली सुरू झालेल्या रात्रीच्या टपाल सेवेत चार महानगरांतून निघालेली विमानं मध्यरात्री नागपूरला भेटायची आणि पत्रांच्या थैल्यांची अदलाबदल करून परतायची. नागपूरच का? दोऱ्याचा तुकडा आणि भारताचा नकाशा एवढंच साहित्य. विदर्भाला विमानांचा इतिहास नाही असं म्हणणाऱ्यांना हा कागद आधी द्यावा.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो तुमच्यासाठी आहे. हिंजवडीत, गचिबावलीत, बेलापूरला बसून हे वाचणाऱ्यांसाठी. आपल्या गावात काही होत नाही म्हणून आपण शहरात आलो आणि आता शहरात बसून गावात काही होत नाही म्हणून लिहितो. कोडी बनवायला सरकारी मंजुरी लागत नाही, क्रेन लागत नाही, मंत्री लागत नाही. लागतात दोन रविवार, एक जिज्ञासू भाचा किंवा पुतणी चाचणीसाठी, आणि झेरॉक्सचे शंभर रुपये. विमान नसेल तर गावातलं जुनं रेल्वे इंजिन घ्या, बंद पडलेली गिरणी घ्या, धरणाचे दरवाजे घ्या. पण उत्तर यंत्रावर असलं पाहिजे. फोटो काढून गुण नाहीत.

बिरसीच्या हंटची पहिली सहा कोडी माझ्याकडे तयार आहेत. उरलेली नऊ कोण करतंय? गोंदियावाले, भंडाऱ्यावाले, बालाघाटवाले, कुणीही चालेल. दिवाळीत घरी जाणारच आहात. फराळाच्या डब्यासोबत कागदही घेऊन या.